एका अंकात तीन विद्याशाखा, पण नाथसागर कुणाच्या अभ्यासात?

तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचा ‘बहुविद्याशाखीय राष्ट्रीय परिसंवाद’ भरतो, त्याचा विशेषांक निघतो आणि पन्नास-साठ शोधनिबंध एका बाइंडिंगमध्ये येतात. अशा अंकाची अनुक्रमणिका कधी तरी सावकाश वाचावी. काँक्रीटमध्ये औष्णिक केंद्राची राख किती मिसळावी यावर एक निबंध असतो. त्याच्या खाली पाणपक्ष्यांची नोंद, त्याखाली दलित आत्मकथनांतील स्त्री, पुढे जीएसटी आणि मग योगासने. इंजिनिअरिंग, पर्यावरण, साहित्य अशा सगळ्या शाखा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. त्या एकमेकींशी बोलत मात्र नाहीत. राखेवर लिहिणाऱ्याने आत्मकथनावरचा निबंध उघडलेला नसतो आणि आत्मकथनावर लिहिणाऱ्याला ती राख कुठून आली, कुणाच्या शेतावर पडते, हे विचारावेसे वाटत नाही.

या अंकांची चेष्टा करणे सोपे आहे. ते निघतात का, हे आधी समजून घेतले पाहिजे. २०१६ च्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध होणे सक्तीचे होते. प्राध्यापकांच्या बढतीतही छापील निबंधांना गुण होते. मागणी वाढली तशी पैसे घेऊन छापणारी नियतकालिकेही वाढली. पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी शिफारस करून यादीत घातलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. दरम्यान नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांनी प्रबंधापूर्वीच्या निबंधाची सक्तीही उठवली.

म्हणजे आज संशोधनाला बसणाऱ्या मुलामुलीवर ‘आधी कुठेतरी छापून आण’ हे यूजीसीचे ओझे नाही. एखादे विद्यापीठ आपल्या नियमात ते ठेवू शकते, तेवढे तपासून घ्यावे. तरीही दीड-दोन हजार रुपये भरून निबंध छापण्याची सवय सुटलेली दिसत नाही. हे पैसे बहुतेक वेळा फेलोशिपमधून किंवा घरच्या मजुरीतून जातात. आपल्या वस्तीतल्या पोराने तरी ते वाचवावेत.

खरा प्रश्न पुढचा आहे. विषयांची विविधता हवीच, पण ती एका अंकात बांधल्याने येत नाही. ती एकाच गावाचा, एकाच पाण्याचा, एकाच जमिनीच्या तुकड्याचा विचार अनेक बाजूंनी केल्याने येते. त्यासाठी शेवगावसारखा तालुका शोधून सापडणार नाही.

शेवगाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. गोदावरीपलीकडे पैठण. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. भिंत पैठणला आहे, पण नाथसागराचे पाणी मागे शेवगाव-नेवाशाच्या गावांवर पसरले. धरणाचे लाभक्षेत्र मराठवाड्यात आणि बुडीत क्षेत्राचा मोठा वाटा नगर जिल्ह्यात. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, यावर दरवर्षी ‘नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा’ असा सामना रंगतो. तो मेंढेगिरी समिती, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. या भांडणात शेवगावचा काठ कुठल्या बाजूचा? जिल्ह्याने तो नगरचा, पण पाण्याने जायकवाडीचा. आणि त्या काठावरचा भूमिहीन बौद्ध, मातंग, भिल्ल, कहार माणूस कुठल्याच बाजूच्या आकडेवारीत स्वतंत्र दिसत नाही.

नाथसागर धरणाच्या मानाने उथळ आहे. एकूण साठवण सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर आणि पाण्याखालचे क्षेत्र साधारण ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-सव्वाआठ मीटर येते. शाळेतल्या गणिताने निघणाऱ्या या एका आकड्यात बरेच काही दडले आहे. पाणी उथळ म्हणून बाष्पीभवन जास्त. उथळ म्हणून पाणपक्षी भरपूर, त्यामुळे १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. आणि उथळ म्हणूनच उन्हाळ्यात पाणी मागे सरते तेव्हा मैलोन्‌मैल गाळपेर उघडी पडते. या गाळपेरीवर भूमिहीन आणि धरणग्रस्त कुटुंबे एक पीक काढतात. कुणाला ती मिळते, कुणाला नाही आणि कुणाच्या नावावर घेऊन प्रत्यक्षात कोण कसतो, हे गावागावात सगळ्यांना माहीत असते. प्रबंधात ते आलेले क्वचितच दिसते.

आता याच पाण्यावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प यायचा आहे. मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या पंच कमिटीने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने अर्ज फेटाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना जुलै २०१७ ची आहे आणि तिच्यात नवीकरणीय ऊर्जेला प्रोत्साहन आहे, हा मुद्दा या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

सौरऊर्जा वाईट म्हणून हे सांगत नाही. कोळशाची राख शेवटी कुणाच्या अंगणात पडते हे आपण जाणतो, आणि पॅनेलच्या सावलीने बाष्पीभवन कमी होते हा फायदाही खरा आहे. पण कोर्टात मच्छीमाराच्या हातात काय होते? पॅनेलखाली सूर्यप्रकाश न पोचल्याने शेवाळ, पाण्यातला प्राणवायू आणि मासळी यांवर काय परिणाम होतो, याची याच जलाशयावरची काही वर्षांची मोजणी हवी. पाण्याची पातळी वर्षभरात इतकी चढते-उतरते तेव्हा तरंगत्या पॅनेलचे नांगर कुठे आणि कसे बसणार, आणि पाणी ओसरल्यावर ती जागा गाळपेरीतून वजा होणार का, हा सिव्हिल इंजिनिअरचा प्रश्न आहे. काठावरच्या कुटुंबांनी १९७० च्या दशकात एकदा गाव सोडले, आता दुसऱ्यांदा त्यांच्याकडून काय सुटणार, हे विचारून, ऐकून, त्यांच्याच भाषेत लिहून ठेवणे हे साहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. यातले एकही अंग दुसऱ्याशिवाय न्यायालयात उभे राहत नाही. मोजणी नसेल तर कहाणीला ‘भावनिक’ म्हणतात. कहाणी नसेल तर मोजणीत माणूस कुठे आहे हे कळत नाही.

धरणाला मराठी साहित्याने ओळखले नाही असे नाही. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी धरण बांधणाऱ्या मजूर बाईवर कविता लिहिली आणि ती चळवळीत गायली गेली. विद्यापीठांत मात्र दया पवार म्हटले की १९७८ चे ‘बलुतं’ आणि त्यातली वेदना, इथेच गाडी थांबते. त्या कवितेतली बाई कोणत्या कामावर होती, तिला रोज काय मिळे, तिने बांधलेल्या पाण्याचा पाट कुणाच्या रानात गेला, असे प्रश्न घेऊन एखादी एम.ए. मराठीची मुलगी पाटबंधारे खात्याच्या जुन्या दप्तरात शिरली, तर ती दलित साहित्याची समीक्षा नव्याने लिहील. ‘अमुक लेखकाच्या साहित्यातील दलित जाणीव’ या साच्यातले प्रबंध आता पुरेसे झाले आहेत. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण ते सांगायला बाहेरचे लोक टपलेले असतात आणि त्यांचा हेतू वेगळा असतो.

तो हेतू दोन ठिकाणी उघड झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची नियमावली बदलली. ही योजना प्रामुख्याने अनुसूचित जातींसाठी आणि वर्षाला १२५ जागांची. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. म्हणजे दलित मुलाने परदेशात जाऊन यंत्रांचा अभ्यास करावा, जातीचा करू नये. हा नियम १९१६ साली असता तर कोलंबिया विद्यापीठात ९ मे रोजी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचणारा विद्यार्थी अपात्र ठरला असता. दुसरी गोष्ट डिसेंबर २०२३ ची. फेलोशिपच्या संख्येवरील चर्चेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत, पीएचडी करून पोरे काय दिवे लावणार, असा सवाल केला. पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. चर्चा ‘सारथी’च्या विद्यार्थ्यांची होती, पण शब्द सगळ्यांनाच लागला. नाथसागरावरचा प्रकल्प तर खरोखरच दिव्यांचा आहे. ते दिवे कुठे लागणार आणि अंधार कुणाच्या वाट्याला येणार, हे मोजायला कुणीतरी अभ्यास करायलाच हवा.

त्याच वर्षी ‘बार्टी’च्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर दीर्घ आंदोलन झाले. २४ डिसेंबरला बार्टी, सारथी, महाज्योतीची एकत्र चाळणी परीक्षा झाली, तर तिच्यात २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका निघाली. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घ्यावी लागली आणि तिच्यावरही विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतले. संशोधनाच्या दर्जाबद्दल बोलणाऱ्या व्यवस्थेची स्वतःची ही तऱ्हा. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा दर महिना ३७,००० रुपये आहे. शहरातल्या नोकरदाराला हा आकडा लहान वाटेल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीसाठी ही लग्न पाच वर्षे पुढे ढकलण्याची ताकद आहे. फेलोशिप वेळेवर आली नाही की पहिल्यांदा हीच मुलगी घरी परत जाते.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपली मुले कला शाखेत जास्त का दिसतात? आवड हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या संशोधनाला प्रयोगशाळा लागते, दिवसभर तिथे हजर राहावे लागते आणि मार्गदर्शकाकडे जागा असावी लागते. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात. शेवगाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते. विद्यापीठ दोनशे किलोमीटरच्या घरात, आणि संभाजीनगर त्याच्या निम्म्या अंतरावर असूनही विद्यापीठ म्हणून परके. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी शोधपत्रिकांची धास्ती वेगळीच. या सगळ्यात मराठी, इतिहास, राज्यशास्त्र हे जवळचे आणि परवडणारे विषय ठरतात. ज्यांची मुले इंजिनिअर झाली त्यांनी पुणे-बंगळूरला नोकरी धरली आणि वस्तीचा प्रश्न त्यांच्या व्यवसायाचा विषय उरला नाही. चौदा एप्रिलला वर्गणी येते, पण वस्तीतल्या बोअरचे पाणी तपासायला कुणी येत नाही. हे जरा कडू वाटेल, पण वाटू द्यावे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण विषयांच्या भिंती बांधतो, हे तर नवलच. त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर एम.ए.चा प्रबंध लिहिला, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर कोलंबियात आणि रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडेच होती. दामोदर खोरे आणि महानदीवरील हिराकुडच्या योजनांची आखणी, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची १९४५ मधील स्थापना हे त्या काळातले काम. सुखदेव थोरात यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. मग ‘हू वेअर द शूद्राज’, ‘द अनटचेबल्स’ आणि शेवटी धम्मग्रंथ. रुपया, नदी, जात आणि बुद्ध हे एकाच माणसाच्या टेबलावर होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या, पुढे मिलिंद झालेल्या महाविद्यालयातही कलेबरोबर विज्ञान होते. मिलिंदमधून दलित साहित्य कसे उभे राहिले, हे सगळे सांगतात. तिथल्या प्रयोगशाळेतून शिकून गेलेल्या पहिल्या पिढीचे काय झाले, हा इतिहास कुणी तरी लिहायला घ्यावा.

शेवगावकडे परत येऊ. गायरानाचा प्रश्न घ्या. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून तो आपला आहे. मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. आजही नोटीस आली की भांडण एका मुद्द्यावर येते: १९९० पूर्वी कसत होतात याचा पुरावा काय? पंचनामा, एकसाली दंडाची पावती, पीकपाहणीतली नोंद यांतले काहीतरी असते, बहुतेकदा नसते. इथे इंजिनिअरिंगचा विद्यार्थी काय करू शकतो? लँडसॅट उपग्रहाची १९८४ पासूनची चित्रे २००८ पासून मोफत मिळतात. एका चित्रबिंदूची बाजू ३० मीटर, म्हणजे एका बिंदूत ९०० चौरस मीटर. एक एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे एका एकराला साडेचार बिंदू. इतक्या कमी बिंदूंवर एकाचे शेत दुसऱ्यापासून वेगळे करता येणार नाही, आणि कुणी तसा दावा केला तर समोरचा वकील दोन मिनिटांत उडवील. पण एका पट्ट्यात दहा-पंधरा कुटुंबे सलग कसत असतील तर चाळीस-पन्नास एकरांचा, दोनशे बिंदूंचा ठिपका खरिपानंतर हिरवा होतो की नाही, हे दिसू शकते. त्याला फेरफाराच्या आणि दंडाच्या नोंदी जोडा. त्याला गावातल्या म्हाताऱ्या बाईने सांगितलेली ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिली बाजरी कुठं पेरली’ ही आठवण, तारखेसह आणि आवाजासह, जोडा. उपग्रह, तलाठी आणि आजी अशी ही तीन साक्षीदारांची जोडणी कोणत्याही एका शाखेच्या प्रबंधापेक्षा भक्कम ठरेल.

पाण्याचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. ऊस आणि कपाशीच्या रानात खते पडतात, ती विहिरीत उतरतात. गावठाणाच्या नळाचे आणि वस्तीवरच्या हातपंपाचे पाणी एकाच दिवशी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासले तर फरक आहे का, असल्यास किती? राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी पाहायला देशभरातून अभ्यासक नगर जिल्ह्यात येतात. आदर्श गाव पाहण्यात चूक काही नाही. पण वाढलेल्या भूजलात ज्याच्याकडे विहीरच नाही त्याचा वाटा किती, हा प्रश्न बाहेरून आलेला अभ्यासक सहसा शेवटच्या प्रकरणात, दोन परिच्छेदांत उरकतो. तो पहिल्या प्रकरणात आणायचा तर तिथल्या घरातला अभ्यासक हवा.

हे सगळे पीएचडीपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण नाही. पदवीला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा असतो. तो झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, हे मुलांना प्राध्यापकांइतकेच ठाऊक आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग प्रकल्पाला श्रेयांक आहेत. शेवगावच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजातला विद्यार्थी, लोणी किंवा विळद घाटात इंजिनिअरिंग करणारा त्याचाच चुलत भाऊ आणि एम.ए. करणारी बहीण यांनी एकाच गावावर आपापले प्रकल्प घेतले तर परवानगी कुणाची लागत नाही. अहवाल वेगळे सादर होतील, नोंदवही एक राहील. विहाराच्या ग्रंथालयात तिची प्रत ठेवावी. पुढची बॅच तिथून सुरू करील. विषय निवडण्यापूर्वी ‘शोधगंगा’वर त्या विषयाचे आधीचे प्रबंध पाहावेत, ते मोफत आहेत. तिथे साच्यातले प्रबंध किती आहेत हेही दिसेल आणि कोणते प्रकरण कुणी लिहिलेच नाही हेही कळेल.

एक अडचण राहते आणि ती वेळापत्रकाची आहे. विद्यापीठाच्या परीक्षा आणि नाथसागराचे ओसरणे एकाच हंगामात येतात. गाळपेर मोकळी होते, तिचे वाटप होते, पिके उभी राहतात आणि बुडालेल्या गावांचे चौथरे वर येतात, तेव्हा विद्यार्थी परीक्षेच्या हॉलमध्ये असतो. मेच्या मध्याला तो मोकळा होतो. त्यानंतर तीन-चार आठवडे हाताशी उरतात. नाशिककडे पाऊस लागून वरून पाणी आले की काठ पुन्हा पाण्याखाली जातो, आणि कोणत्या चौथऱ्यावर कुणाचे घर होते हे दाखवणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.